अल्सरच्या गोळीनं लहान पोरांची फिट थांबते हे खरं काय ओ?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. इथं बऱ्याच दिवसापासून वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तासगाव तालुक्यात आमची बाग आहे. धाकटा सात वर्षाचा, त्याला दीड वर्षापासून फिट येते. रोज नाही, दोन-तीन महिन्यातून एखादी, आणि कायम पहाटेच, चार-साडेचारला. पहिल्या वेळी मला वाटलं पोरगं घोरतंय. घशातून गुरगुर आवाज, लाईट लावून बघतो तर उजवा गाल एका बाजूला ओढलेला, उशी लाळेनं भिजलेली, डोळे टक्क उघडे, माझ्याकडंच बघतोय, बोलायला जातोय पण शब्द फुटत नाही. मिनिटभरच असेल, पण तेवढ्यात मी त्याच्या आईला तीनदा हाक मारली आणि ती माझ्या शेजारीच बसलेली.

मिरजेला दाखवलं. रात्रभर जागं ठेवून आणा म्हणले, मग ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढला, डोक्याला लावलेली ती पेस्ट तीन अंघोळीनंतर निघाली. डॉक्टर म्हणले रोलँडिक म्हणून प्रकार असतो, या वयात येतो, बहुतेक पोरांचा मिसरूड फुटायच्या वयापर्यंत आपोआप जातो. कार्बामाझेपिनचं सिरप चालू केलं. बरं चाललं होतं, पण यंदा गणपतीत रथाच्या आदल्या रात्री घरात पाहुणे, पोरगं बारा वाजेपर्यंत जागं, आणि पहाटे परत तेच. त्यानंतर महिन्यात अजून एक.

आता मुद्दा. आमच्या भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला की लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोध लावलाय, पोटाच्या अल्सरवरची जुनी गोळी लहान मुलांची फिट मुळापासून बंद करते, औषध कंपन्या हे दाबून ठेवतात, दहा जणांना पाठवा वगैरे. वडिलांना ॲसिडिटी आहे त्यामुळं रॅनिटिडिनची पट्टी घरात असतेच. मेव्हणा म्हणतोय अर्धी अर्धी देऊन बघा, पोटाचीच गोळी आहे, काय वाईट होणाराय. आमची मंडळी म्हणतात हात लावायचा नाही. त्यात पोराचं अधनंमधनं पोट पण दुखतं, म्हणून मला वाटलं एका गोळीत दोन कामं झाली तर बरंच की. कुणाला यातलं माहिती आहे का? खरं काय आहे ते सांगा, आणि गोळी द्यावी का नको ते पण.


मेडिकलवाला_विश्रामबाग

दादा आधी उत्तर, मग गप्पा. देऊ नका. तुमच्या मंडळींचं ऐका.

आता का ते सांगतो. बावीस वर्षं काउंटरला उभा आहे, लोकांना पोटाची गोळी म्हणजे चिंचगोळी वाटते. ज्या रॅनिटिडिनची तुम्ही पट्टी धरून बसलाय तीच अमेरिकेनं एप्रिल २०२० मधे बाजारातून मागे घ्यायला लावली, ठेवल्या जागी तिच्यात एनडीएमए नावाची अशुद्धी वाढते असं दिसलं म्हणून, त्या एनडीएमएवर कॅन्सरचा संशय आहे. आपल्याकडं २०२२ ला अत्यावश्यक औषधांच्या यादीतून तिचं नाव गेलं. वडिलांच्या गोळीचं पण एकदा त्यांच्या डॉक्टरना विचारा.

तिचीच थोरली बहीण सिमेटिडिन. ती लिव्हरमधे औषधं फोडणाऱ्या यंत्रणेलाच आडवी जाते, त्यामुळं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन असली फिटची औषधं रक्तात साठायला लागतात. आणि अल्सरच्या जंतूसाठी जो किट देतात त्यात क्लॅरिथ्रोमायसिन असतं, ते तर कार्बामाझेपिनसोबत लईच वाईट. पोरगं झोपाळतं, पाय अडखळत चालतं, एकाचे दोन दिसतात, उलट्या. हेच क्लॅरिथ्रो खोकल्याला पण लिहून देतात, तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी फिटचं सिरप चालू आहे हे पहिलं वाक्य बोलायचं, नावगाव नंतर.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलवाल्यांनी पण खूश होऊ नये. ती वर्षभर रोज खाल्ली तर काही लोकांचं मॅग्नेशियम उतरतं, २०११ ला तसा इशाराच निघालाय, आणि मॅग्नेशियम फार उतरलं तर त्यानंच फिट येते. म्हणजे झालं का, ज्याच्यासाठी घ्यायची तेच दारात.

एक विचारायचं राहिलं. सिरपची बाटली हलवून देताय ना? आणि चमच्यानं देताय का सिरिंजनं?


कराडची_आई

दादा, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, ते उशी भिजलेली वगैरे. मी पण यातून गेलीये, माझी लेक आता नऊ वर्षांची आहे.

तुमच्या त्या मेसेजचा उगम आमच्या सासूबाईंसारख्या कुणाच्या तरी तोंडात असणार असं मला राहून राहून वाटतंय 😄 सांगते. लेक सहा महिन्यांची असताना झोपेतून उठली की मान झटकन पुढं, दोन्ही हात बाहेर, एक झटका, मग थांबायची, परत झटका, असे पंधरा वीस. आम्हाला वाटायचं दचकते. एका ठिकाणी तर गॅस आहेत म्हणून हिंगाचं पाणी चोळायला सांगितलं, त्यात तीन आठवडे गेले, ते आठवलं की अजून राग येतो. शेवटी एका डॉक्टरनी मोबाईलवरचा व्हिडिओ बघूनच सांगितलं, हा वेस्ट सिंड्रोम. मला वाटलं पश्चिमेचा काहीतरी आजार. तर तसं नाही, विल्यम वेस्ट म्हणून इंग्लंडमधे डॉक्टर होते, त्यांच्या स्वतःच्या बाळाला हे झटके यायचे, १८४१ मधे त्यांनी लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकाला पत्र लिहून सगळं वर्णन केलं आणि कुणाला काही उपाय माहिती असेल तर सांगा असं विचारलं. म्हणजे तुम्ही आत्ता इथं जे केलंत तेच.

तर तिला एसीटीएच म्हणून एका हार्मोनची इंजेक्शनं चालू केली. स्टिरॉइडसारखाच परिणाम असतो त्याचा, गाल फुगतात, भूक वाढते, चिडचिड, बीपी रोज बघावं लागतं, आणि पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास होऊ नये म्हणून सोबत अल्सरचं सिरप. झटके दोन आठवड्यात थांबले. आमच्या सासूबाईंना इंजेक्शनचं नाव काही लक्षात राहिलं नाही, त्यांना रोज दिसायची ती सिरपची बाटली. झालं, अख्ख्या गल्लीत, मग माहेरच्या पाहुण्यात, "आमच्या नातीची फिट ॲसिडिटीच्या औषधानं थांबली." मी किती सांगितलं, आई अहो ते पोट सांभाळायला होतं. तर म्हणतात, मग पोट सांभाळलं म्हणूनच थांबली की.


कंदी_पेढा

ताई सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, लॉजिक तोडता येणार नाही असं आहे 😂

दादा, मी साताऱ्याचा, पीएचडी करताना चार वर्षं मेंदूच्या चकत्यांसोबत काढलीत म्हणून लिहितोय, डॉक्टर नाही मी, औषध सांगणार नाही. तुमच्या मेसेजमधे धागा खरा आहे, सदरा मात्र पूर्ण खोटा शिवलाय.

खरं काय ते लांबून सुरू करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ला, हॉलंडमधे रेव्हर्स नावाच्या डॉक्टरनी लिहिलं की ज्येष्ठमधाचा अर्क दिला की पोटातले अल्सर भरतात. हो, आपलं तेच ज्येष्ठमध, खोकल्याला चघळायचं. फक्त काही पेशंटच्या तोंडावर, पायावर सूज यायला लागली. मग ज्येष्ठमधातल्या एका द्रव्यावर रसायनशाळेत थोडी कारागिरी करून ब्रिटनमधे औषध बनवलं, त्याचं नाव कार्बेनॉक्सोलोन. १९६० च्या दशकात अल्सरवर ते धडाक्यात चाललं. पण सूज गेली नाही, मूळ स्वभाव जातोय कुठं. शरीरात मीठ आणि पाणी अडकतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. १९७६ ला सिमेटिडिन आलं, ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅकना पुढं १९८८ ला नोबेल पण मिळालं, आणि कार्बेनॉक्सोलोन हळूहळू कपाटात गेलं. तुमच्या वडिलांच्या गोळीचा आणि याचा रक्ताचं नातं सोडा, भावकीचा पण संबंध नाही. पोटासाठी दोन्ही, एवढंच.

आता हे फिटमधे कसं घुसलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात ते बहुतेक वेळा चिठ्ठी पाठवून. ही पेशी रसायन सोडते, ती झेलते, मधे थोडी फट असते. पण काही पेशींमधे चिठ्ठीबिठ्ठी भानगडच नसते, दोन्हींच्या भिंतीला भिंत लागून आणि त्या भिंतीत थेट भोक. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांच्या मधे खिडकी असायची बघा, इकडची बाई तिकडं नुसता हात घालून साखर घ्यायची, तसं. याला गॅप जंक्शन म्हणतात. वीज सरळ इकडून तिकडं. त्यामुळं अशा पेशी एका सुरात फार भराभर थडथडू शकतात. आणि कार्बेनॉक्सोलोन ही खिडकी बंद करतं. पोटाशी याचा काही संबंध नाही, ते औषधाचं वेगळंच कर्तृत्व, प्रयोगशाळेतल्या लोकांना सापडलेलं.

२००१ मधे एपिलेप्सिया या मासिकात ट्रॉब, व्हिटिंग्टन आणि इतरांचा पेपर आला, त्यात लंडनचे लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर पण होते, मला वाटतं तुमच्या मेसेजमधलं लंडन इथूनच आलं असणार. काही मुलांच्या मेंदूवर थेट इलेक्ट्रोड ठेवून नोंदी घेतल्या होत्या, त्यात दिसलं की फिट सुरू व्हायच्या जरा आधी फार वेगाच्या लहरी येतात, सेकंदाला सत्तर आणि त्याच्या वर. तसल्याच लहरी उंदराच्या मेंदूच्या चकतीत आणि कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधे कशा तयार होतात ते बघितलं आणि मांडणी केली की ही भिंतीतली खिडकीच यामागं असावी, फिटची ठिणगी कदाचित इथंच पडते. चकतीवर कार्बेनॉक्सोलोन सोडलं की अशा लहरी बसतात. कल्पना भारी आहे, मी स्वतः तिच्या प्रेमात होतो.

पण मुलांच्या फक्त नोंदी होत्या हो. औषध गेलं ते चकतीत.

आणि चकती म्हणजे काय ते पण सांगतो. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक काप, कपात खारट पाणी, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत ठेवायचे नाहीतर मरतो. त्यावर औषध सोडायचं आणि बसायचं. कार्बेनॉक्सोलोनचा गुण यायला अर्धा पाऊण तास लागायचा, तोवर माझे दोन चहा व्हायचे, आणि एकदा चढलं की धुऊन धुऊन उतरायचं नाही, त्या दिवसाची चकती वाया. वर ते फक्त खिडकीच बंद करत नाही, चिठ्ठीवाल्या व्यवहारातपण ढवळाढवळ करतं, पेशीच्या इतर दारांना पण खिट्टी लावतं. म्हणजे लहरी बसल्या त्या खिडकी बंद झाली म्हणून का अजून कशानं, यावर आमच्या लॅबमधे भांडणं व्हायची. आणि तोंडानं घेतलेलं हे औषध रक्तातून मेंदूत फारसं शिरतच नाही. कपात बुडवणं वेगळं आणि पोराच्या पोटातून मेंदूपर्यंत पोचवणं वेगळं. मेंदूत पुरेसं पोचवायला डोस वाढवला तर बीपी आणि पोटॅशियमचा बाजार आधी उठेल.


आप्पा_वाईकर

सर्वांस नमस्कार. वय ७१, निवृत्त शिक्षक. चर्चा चांगली चालली आहे पण एक गोष्ट खटकली. ज्येष्ठमधाचं कौतुक करायला तुम्हाला हॉलंडचा डॉक्टर लागला. आपल्या चरकसंहितेत मेध्य रसायनं चार सांगितलीत, मंडूकपर्णी, गुळवेल, शंखपुष्पी आणि यष्टीमधु म्हणजे ज्येष्ठमध, तेही दुधातून. मेध्य म्हणजे बुद्धीला, मेंदूला हितकर. ज्यांना हे हजारो वर्षं आधी कळलं त्यांना गॅप जंक्शन म्हणता येत नव्हतं एवढंच. तासगावच्या गृहस्थांनी गोळीच्या नादी न लागता चिमूटभर ज्येष्ठमध रोज दुधातून द्यावं, अपाय काहीच नाही.


कंदी_पेढा

आप्पा, चरकाचा संदर्भ बरोबर आहे, मी नाकारत नाही, आणि ती यादी मला तोंडपाठ नव्हती हे पण कबूल. पण "अपाय काहीच नाही" हे मागं घ्या. सूज, बीपी, पोटॅशियम हा सगळा खेळ मुळात ज्येष्ठमधातलाच आहे, कारखान्यात त्यात नवीन घातलेला नाही. खोकल्याला दोन दिवस काडी चघळली तर काही होत नाही. रोज, महिनोनमहिने, ते पण सात वर्षाच्या पोराला ज्याला आधीच एक रोजचं औषध चालू आहे, हे वेगळं. आणि रेव्हर्सच्या पेशंटना पण ते नैसर्गिकच वाटत होतं की.

दुसरं, कार्बेनॉक्सोलोन म्हणजे ज्येष्ठमध नव्हे. उसापासून गूळ पण होतो आणि स्पिरिट पण.


आप्पा_वाईकर

उसाचं उदाहरण सातारकराला शोभतं. ठीक आहे, वैद्यांना विचारून द्यावं असं दुरुस्त करतो. आणि त्यांच्या डॉक्टरांनाही सांगून.


द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे आभार. पेढेवाले सर, तुम्ही जे चकतीचं लिहिलंय ते मला आमच्या भाषेत पटकन कळलं. आमच्याकडं जीएत, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकात, घड बुडवतात, नवीन काय आलं की आधी एका ओळीतल्या दोन झाडांवर बघतो, पीपीएम जरा इकडं तिकडं झालं की घडाचा देठ लाकडासारखा होऊन बसतो, आणि इथं मी पोराला अर्धी गोळी देऊन बघू म्हणत होतो. मेव्हण्याला हा धागा पाठवलाय, निळी टिक आली, उत्तर नाही.

पण एक विचारू का. वीस पंचवीस वर्षं झाली त्या पेपरला. इतकी भारी कल्पना असेल तर पोरांवर रीतसर चाचणी का नाही घेत कोण? मेसेजमधे कंपन्या दाबतात लिहिलंय ते त्यामुळंच डोक्यात बसतं ना.

आणि मेडिकलवाले दादा, बाटली हलवायची असते? आम्ही कपाटातून काढतो आणि चमच्यानं देतो. बाटलीचा शेवट शेवट जाड दाट येतो तेव्हा पाणी घालून खळबळून देतो, वाया जायला नको म्हणून.


मेडिकलवाला_विश्रामबाग

हलवायची असते?? दादा डोक्याला हात लावून बसलोय.

कार्बामाझेपिनचं सिरप हे साखरेच्या पाकासारखं विरघळलेलं नसतं, ते सस्पेन्शन आहे, औषधाची पूड त्यात तरंगत ठेवलेली असते. उभी बाटली राहिली की पूड तळाला बसते, ताकाचं कसं होतं. न हलवता वरचं वरचं दिलं तर पहिल्या आठवड्यात पोराला औषध कमी जातं, आणि तळाचं ते दाट खळबळून दिलं तेव्हा जास्त जातं. कमी जातं तेव्हा फिट यायची भीती, जास्त जातं तेव्हा पोट, गुंगी, चक्कर. आता आठवून बघा, दोन्ही फिट आल्या तेव्हा नवी बाटली फोडून किती दिवस झालेले? आणि पोट दुखतं ते बाटलीच्या कुठल्या टोकाला?

घरातला चमचा पण बंद करा. कुणाच्या घरी चहाचा, कुणाच्या घरी पोह्याचा. सिरिंज दहा रुपयाला मिळते, सुई नसलेली, तिच्यावर एमएलच्या रेघा असतात.

माझा अंदाज आहे हं हा, निदान नाही. स्वतःच्या मनानं डोस कमीजास्त करू नका, मिरजेच्या डॉक्टरना सगळं जसंच्या तसं सांगा, पाणी घालून खळबळण्यासकट.


कंदी_पेढा

हे बाटलीचं भारी पकडलंत तुम्ही, मी चकत्यांत रमलो होतो.

चाचणीचं विचारलंत ते योग्य आहे. दाबण्यासारखं त्यात काही नाही, ते औषध कुणाच्याच कामाचं उरलं नाही म्हणून पडून आहे. खिडकी नेमकी बंद करेल, मेंदूत शिरेल आणि बाकी काही बिघडवणार नाही असं औषध हवं, हे तिन्ही निकष कार्बेनॉक्सोलोन नापास करतं. जुन्या औषधाला फिटमधे नवीन काम मिळतच नाही असं मात्र नाही. फेनफ्लुरामिन बघा, वजन कमी करायची गोळी होती, हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून १९९७ ला अमेरिकेत बंद केली, आणि तीच २०२० ला ड्राव्हेट सिंड्रोम नावाच्या मुलांच्या फार अवघड फिटसाठी मंजूर झाली, कमी डोसमधे आणि हृदयाची सोनोग्राफी करत करत. कुणी दाबली नाही, उलट कंपनीनंच खटपट केली.

आणि उलटं पण सांगतो. ब्युमेटॅनाइड म्हणून लघवी वाढवायचं जुनं औषध आहे. नवजात बाळांच्या फिटवर ते लागू पडावं असं प्राण्यांवरच्या प्रयोगात फार छान दिसत होतं, कारणमीमांसा पण सुंदर. युरोपात रीतसर चाचणी घेतली, १४ बाळांवर. फिट म्हणाव्या तशा थांबल्या नाहीत, आणि वाचलेल्या ११ बाळांपैकी तिघांना ऐकू येणं कमी झालेलं आढळलं. चाचणी तिथंच थांबवली, २०१५ ला ते छापून आलं. त्या पोरांच्या आईबापांनी हो म्हणून सही केली होती, डॉक्टर चोवीस तास शेजारी, आणि तरी असं झालं. मेव्हण्याच्या अर्ध्या गोळीला शेजारी कोण असणार होतं?


कराडची_आई

मेव्हण्यांना सोडा आता बिचाऱ्यांना 🙏

दादा मला एक वेगळंच सांगायचंय, कारण हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. फिट आली की घरातले काय करतात? आमच्याकडं कांदा फोडून नाकाला, चप्पल हुंगवायची, दातखीळ काढायला चमचा, सगळे प्रकार झालेत. चमच्यानं लेकीची हिरडी फाटली, फिटनं काही झालं नाही. यातलं काही करायचं नाही. कुशीवर वळवायचं, लाळ बाहेर पडू द्यायची, गळ्याजवळचं बटण सैल, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते बाजूला, तोंडात पाणी पण नाही, आणि घड्याळ बघायचं. घड्याळ सगळ्यात महत्त्वाचं कारण आपल्याला मिनिटाचा तास वाटतो. पाच मिनिटं झाली आणि थांबेना, किंवा शुद्ध न येता दुसरी लागली, तर गाडी काढायची. माझ्या लेकीसाठी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे डॉक्टरनी लिहून दिलाय, एक घरात, एक शाळेच्या दप्तरात, बाईंना दाखवून ठेवलाय. तुमच्या मुलाला लागेल का ते डॉक्टरना विचारा, गाव लांब असेल तर विचाराच.

आणि एक वही करा. तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री किती झोपला, ताप होता का, डोस चुकला होता का. आता त्यात नवी बाटली कधी फोडली ते पण लिहा. जमलं तर दुसऱ्या कुणाला व्हिडिओ काढायला सांगा, बघवत नाही पण डॉक्टरला त्यातनं लई कळतं.


आप्पा_वाईकर

कराडच्या ताईंनी कांद्याचं लिहिलं ते वाचून वाईट वाटलं. मी वर्गात एका विद्यार्थ्याला स्वतः चप्पल हुंगवली आहे, १९८० च्या सुमारास. तो शुद्धीवर आला आणि मला वाटलं माझ्यामुळं आला.


द्राक्षबाग_तासगाव

उशीर झाला लिहायला, छाटणी चालू होती. काल मिरजेला जाऊन आलो. बाटली, चमचा, पाणी घालून खळबळणं, सगळं सांगितलं, मंडळी शेजारी बसून माझ्याकडं बघत होत्या. डॉक्टर हसले नाहीत, उलट म्हणले बरं झालं बोललात, नाहीतर मी आज डोस वाढवून दिला असता. रक्तातली औषधाची पातळी बघायला रक्त घेतलं. डोस तोच ठेवलाय, हलवून आणि सिरिंजनं द्यायचा, दोन महिन्यांनी परत या म्हणले. त्या रथाच्या वेळच्या फिटला जागरण पण कारण असेल आणि बाटली पण, दोन्ही म्हणले. मी घरी येऊन बिलं काढली, रथाच्या तीन दिवस आधीचं नव्या बाटलीचं बिल सापडलं.

ज्येष्ठमधाचं पण विचारलं आप्पा, खोकल्याला काडी चालेल, रोज दुधातून नको म्हणले. आमच्या आईनं बरणी आता वरच्या फळीवर ठेवलीय. वडिलांची रॅनिटिडिन पण बदलून दिली त्यांच्या डॉक्टरनी.

मेव्हण्याचं उत्तर आलं काल रात्री. ग्रुपवर लिहिलंय की तो मेसेज अर्धवट आहे, कुणी पोरांना गोळी देऊ नका, आमच्या भाच्याची बाटली हलवत नव्हते. हे शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती, आता अख्ख्या भावकीला माहिती झालं.

मेडिकलवाले दादा, स्प्रे लिहून दिलाय, तासगावात दोन दुकानात नाही मिळाला. तुमच्याकडं असतो का? शनिवारी मार्केट यार्डात येणार आहे.


मेडिकलवाला_विश्रामबाग

आहे. चिठ्ठी मूळ आणा, मोबाईलवरचा फोटो नको. एक्स्पायरी बघून दोन ठेवतो बाजूला, शनिवारी दीडच्या आत या, जेवायला घरी जातो. आणि सिरिंज पण घेऊन जा, ती पैसे नको.